मुकादमाला शिकवायलाच हवं

‘पालिकेच्या माणसांना पर्यावरण शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.’ हे वाक्य मी सोसायट्यांच्या सभांत ऐकलं आहे, चर्चासत्रांच्या व्यासपीठांवरून ऐकलं आहे, निवृत्त अधिकाऱ्यांकडून ऐकलं आहे. अलीकडे ते नद्या-डोंगरांसाठी झटणाऱ्या कार्यकर्त्यांच्या तोंडीही येऊ लागलं आहे, आणि तिथं ते ऐकताना सर्वांत जास्त चीड येते.

युक्तिवाद साधारण असा असतो. स्थानिक स्वराज्य संस्थांमधल्या कर्मचाऱ्याला कायम नोकरी आहे, पगार ठरलेला आहे, त्याला शिकण्याची इच्छा नाही. प्रशिक्षणं पुष्कळ झाली, माणसं सही करून जेवून घरी गेली, नदी होती तशीच राहिली. पाणी, हवा, जैवविविधता हे तज्ज्ञांचे विषय आहेत. मग सल्लागार नेमावा, यंत्रं घ्यावीत, काम ठेक्यानं द्यावं, वर एखादा खमक्या अधिकारी आणून बसवावा. खालच्यांनी सांगितलं तेवढं करावं.

हे मत व्यवहारी वाटतं म्हणूनच पसरलं आहे. माझ्या मते ते घातक आहे. पर्यावरणाचा प्रत्येक कायदा शेवटी ज्या माणसाच्या हातून पाळला जातो किंवा मोडला जातो, त्याच माणसाला अडाणी ठेवण्याचा निर्णय या मतात आहे. त्या निर्णयाची किंमत मंत्रालयात कुणी मोजत नाही. ती नळाला हंडा लावणारी बाई मोजते, कचरा डेपोच्या धुरात झोपणारं मूल मोजतं.

हे कायदे शेवटी पोचतात कुठं ते पाहू. ७४ व्या घटनादुरुस्तीनं बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांसाठी १८ विषय ठेवले. त्यात सार्वजनिक आरोग्य आणि घनकचरा आहे, नागरी वनीकरण आणि पर्यावरणाचं रक्षणही आहे. ७३ व्या दुरुस्तीनं ग्रामपंचायतींसाठी २९ विषयांची यादी दिली. झाडांचा कायदा १९७५ चा, जैवविविधतेचा २००२ चा, घनकचऱ्याचे आणि बांधकामाच्या राडारोड्याचे नियम २०१६ साली आले, राज्याची प्लास्टिकबंदी २०१८ ची. मसुदे दिल्लीत आणि मुंबईत झाले. अंमल मात्र स्वच्छता निरीक्षकानं करायचा, कनिष्ठ अभियंत्यानं करायचा, उद्यान विभागातल्या सहायकानं करायचा, आणि राज्यातल्या सुमारे २८ हजार ग्रामपंचायतींत ग्रामसेवकानं करायचा. २०२४ मध्ये त्याचं पदनाम ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालं, कामाचा ढीग तोच राहिला.

आठवडी बाजारात उभा असलेला स्वच्छता निरीक्षक डोळ्यांसमोर आणा. समोर भाजीवाल्या मावशी आहेत. त्यांच्याकडचा पिशव्यांचा गठ्ठा दिसायला कापडी आहे, हातालाही कापडासारखाच लागतो. पण ती नॉन-वोव्हन पिशवी आहे, पॉलिप्रॉपिलीनच्या तंतूंची, म्हणजे प्लास्टिकच. तिला मायक्रॉनचा निकष लागत नाही, दर चौरस मीटरला किमान ६० ग्रॅम वजनाचा लागतो. शेजारच्या दुकानात ‘कंपोस्टेबल’ असं छापलेली पिशवी आहे. ती खरी की नुसती छापलेली? प्रमाणपत्र कुणाचं, क्रमांक कुठं बघायचा? पहिल्या गुन्ह्याचा दंड ५ हजार रुपये आहे. मावशींचा दिवसाचा सगळा धंदाही तेवढा होत नसेल. निरीक्षकाला हा फरक कुणी शिकवलेला नसेल, तर तो दोनच गोष्टी करू शकतो. निर्दोष बाईकडून पाच हजार घेईल, किंवा वाद नको म्हणून पुढं निघून जाईल. दोन्हींत कायदाच हरतो. दुसऱ्या दिवशी आपण म्हणतो, बंदी कागदावरच राहिली. बंदी ज्यानं राबवायची त्याला पिशवी ओळखायला कुणी शिकवलं होतं का, हा प्रश्न मात्र आपण विचारत नाही.

‘त्यांना शिकायची इच्छा नाही’ हा आरोप करणाऱ्यांना मी एक विचारतो. इच्छा तुम्ही कशावरून मोजली? सभागृहातल्या प्रशिक्षणातल्या चेहऱ्यांवरून? ती प्रशिक्षणं मी पाहिली आहेत, काहींत बोललोही आहे. ५ जूनच्या आसपास एखादा दिवस ठरतो. पडद्यावर ओझोनचा थर येतो, वितळणारे हिमनग येतात, ध्रुवीय अस्वल येतं. समोर बसलेल्या मुकादमाला उद्या सकाळी सहाला हजेरी घ्यायची आहे. त्याच्या चाळीस माणसांतली काही येणार नाहीत, दोन घंटागाड्या बंद आहेत, आणि एका गल्लीतले लोक ओला-सुका वेगळा देत नाहीत. या तीन अडचणींबद्दल व्याख्यात्याकडे एक वाक्य नसतं. मुकादमानं जांभई दिली तर दोष कुणाचा?

अशा कार्यक्रमांना पाठवतात कुणाला, हेही बघा. ज्याच्या न येण्यानं काम अडत नाही, त्याला पाठवतात. पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवणारा जात नाही, कारण तो गेला तर पाणी कोण सोडणार? कंत्राटी सफाई कामगार जात नाही, कारण त्याचा दिवसाचा खाडा धरतात. जो जातो आणि खरोखर काही शिकून येतो, त्याची काही महिन्यांत मालमत्ता कर विभागात बदली होते. आता केंद्राच्या कर्मयोगी संकेतस्थळावर ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत. त्यांना माझा विरोध नाही. पण पडद्यावर बटण दाबून मिळालेलं प्रमाणपत्र आणि मैलापाण्याच्या चेंबरशेजारी उभं राहून मिळालेलं ज्ञान यांना एकाच तराजूत घालू नका. चेंबरमधला हायड्रोजन सल्फाइड वायू थोडा असतो तेव्हा त्याचा वास येतो, फार झाला की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. हे ज्याला वेळेवर कळलं तो वाचतो. अशा शिक्षणाला पालथा घडा म्हणायची हिंमत कुणात आहे?

प्रशिक्षण निष्फळ ठरलं म्हणून प्रशिक्षणच बंद करा, असं म्हणणाऱ्यांचं बोट मुळात चुकीच्या गोष्टीकडे आहे. निष्फळ ठरलं ते सभागृहातलं व्याख्यान. कामाच्या जागी, कामाच्या भाषेत, कामाचा प्रश्न घेऊन शिकवण्याचा प्रयोग बहुतेक पालिकांनी पुरेसा केलेलाच नाही. न केलेल्या गोष्टीच्या अपयशाचा दाखला कसा देता येतो?

पाण्याकडे येतो, कारण इथं अज्ञानाची किंमत सर्वांत लवकर दिसते. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएस, म्हणजे गिया-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढू लागले. राज्यातली संख्या दोनशेच्या वर गेली, माणसं व्हेंटिलेटरवर गेली, काही दगावली. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले आणि संशय पाण्यावर गेला. यातली कित्येक गावं काही वर्षांपूर्वीच महापालिकेच्या हद्दीत आली होती. तिथं विहिरीचं पाणी जलशुद्धीकरण केंद्रातून न जाता केवळ क्लोरीन टाकून पुरवलं जात होतं. खासगी आरओ केंद्रांच्या पाण्याचे नमुनेही दूषित निघाले.

पाणी शुद्धीकरण केंद्रातून जात नाही तेव्हा लोकांच्या आणि रोगाच्या मध्ये कोण उभा असतो? क्लोरीन टाकणारा कर्मचारी. आणखी कुणी नाही. गावात तो ग्रामपंचायतीचा पाणी कर्मचारी असतो, जलसुरक्षक असतो. त्याच्या हातात टीसीएल (ब्लीचिंग) पावडरीची पिशवी आणि पाण्यातला क्लोरीन तपासणाऱ्या ओटी टेस्टची बाटली असते. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. पिशवी दमट खोलीत उघडी राहिली की तो उडत जातो. मग तेवढीच पावडर टाकली तरी पाणी निर्जंतुक होत नाही. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन गढूळपणातच खर्ची पडतो. पावडर टाकून अर्धा तास थांबावं लागतं, तोवर व्हॉल्व्ह उघडायचा नसतो. ओटी टेस्ट टाकीपाशी करून भागत नाही, शेवटच्या नळापाशी करावी लागते. तिथं पाणी पिवळं झालं, लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक दिसला, तरच खात्री. यातलं एकही वाक्य समजायला पदवी लागत नाही. समजावून सांगणारा माणूस लागतो, पावडर साठवायला कोरडी खोली लागते आणि अर्धा तास थांबण्याची मुभा लागते. हे ज्याला उमगलं तो गावाचा खरा आरोग्यरक्षक होतो. ज्याला उमगलेलं नाही तो त्याच पगारात, तेवढ्याच कष्टात, रोज पांढरी भुकटी पाण्यात ढवळत राहतो आणि गाव निर्धास्त राहतं.

राज्यात ग्रामपंचायतींना पाण्याच्या व्यवस्थेनुसार लाल, पिवळी, हिरवी कार्डं दिली जातात. लाल कार्ड आलं की बातमी येते, सरपंचाला नोटीस जाते. नोटिशीसोबत त्या पाणी कर्मचाऱ्याला शिकवायला कुणी गेलं का? १५ व्या वित्त आयोगानं ग्रामपंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठी बांधून दिला. पैसा त्या कामासाठीच आला. तो पाइपांत गेला, टाक्यांत गेला, मोटारींत गेला. मोटार चालवणाऱ्या माणसाच्या डोक्यात त्यातलं किती गेलं?

इथं दुसरा युक्तिवाद पुढं येतो. माणसांवर विसंबू नका, यंत्रं घ्या. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेनं २०२४ मध्ये त्याचा हिशेब मांडला, तेव्हा खर्चातला ६४ टक्के भाग रस्त्यावरच्या धुळीपाठी गेल्याचं दिसलं. रस्ते झाडणारी यंत्रं, पाणी फवारणाऱ्या गाड्या, फरसबंदी. यंत्राची निविदा निघते, उद्घाटन होतं, छायाचित्र छापून येतं. माणसाला शिकवण्याचं उद्घाटन होत नाही. पण धूळ येते कुठून? उघड्या ठेवलेल्या वाळूच्या ढिगातून, न झाकता धावणाऱ्या डंपरमधून, पत्रे न लावलेल्या बांधकामातून. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची हवा बिघडली तेव्हा महापालिकेनं बांधकामांसाठी २७ कलमी नियमावली काढली आणि तपासणीसाठी वॉर्डांत पथकं पाठवली. त्या पथकांत अभियंते होते. आदल्या आठवड्यापर्यंत जो अभियंता खड्डे आणि गटारं बघत होता, त्यानं आता कुठला ढीग झाकायचा, पाणी किती वेळा मारायचं, हवेच्या मापकाचा आकडा खरा की बंद पडलेल्या मापकाचा, हे ठरवायचं होतं. शेवटी सगळी भिस्त माणसावरच आली. फवारणीची गाडी बांधकामाच्या फाटकाआड जाऊ शकत नाही, कर्मचारी जाऊ शकतो.

ठेक्याचं तर याहून वाईट आहे. ‘आम्ही कचरा वेगळा करून देतो, गाडीत तो एकत्रच टाकतात’ ही तक्रार प्रत्येक शहरात आहे आणि ती खरी आहे. राग मात्र गाडीवरच्या माणसावर निघतो. तो अडाणी, त्याला वर्गीकरण कळत नाही, असा निष्कर्ष निघतो. अनेक ठिकाणी वाहतुकीचं बिल टनावर निघतं, म्हणजे गाडीत जितकं वजन तितके पैसे. ओला कचरा गल्लीतच जिरवला, सुका भंगारात वळवला, तर ठेकेदाराचं बिल घटतं. गाडीवरच्या माणसाला हे पक्कं माहीत असतं, मालकानं ते त्याला सांगितलेलं असतं. म्हणजे वर्गीकरण मोडलं ते घंटागाडीत नव्हे, निविदेच्या कलमात मोडलं. ते कलम लिहिलं लेखा विभागातल्या, आस्थापनेतल्या, बांधकाम विभागातल्या माणसांनी. पर्यावरणाशी आपला काही संबंध आहे असं त्यांना आजवर कुणी सांगितलेलं नसतं. मला विचाराल तर पालिकेत पहिलं प्रशिक्षण यांनाच द्यायला हवं. घनकचऱ्याची निविदा लिहिणाऱ्या लिपिकाला २०१६ च्या नियमांचा गाभा ठाऊक असता, तर त्यानं बिल टनाऐवजी वेगळा दिलेल्या कचऱ्याशी बांधण्याचा प्रस्ताव तरी टिपणीत मांडला असता. पर्यावरण विभाग नावाची खोली उघडून हे होत नाही. पालिकेच्या प्रत्येक टेबलावर पर्यावरणाचा एक निर्णय रोज होत असतो.

झाडांचं उदाहरण घ्या. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये झाडाच्या बुंध्याभोवती मीटरभर जागा काँक्रीटमुक्त ठेवायला सांगितलं. आज कुठल्याही शहरातल्या फुटपाथवर चालत जा. पेव्हर ब्लॉक खोडाला भिडलेले दिसतात. हे कुणी शत्रूनं केलेलं नाही. पदपथ सुशोभीकरणाचं अंदाजपत्रक करताना कनिष्ठ अभियंत्यानं लांबी गुणिले रुंदी केली. झाडांच्या जागा वजा करायच्या असतात हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. उद्यान विभागाला विचारायचं असतं, हेही नाही. मोजणी पुस्तकात पूर्ण क्षेत्र भरलं, ठेकेदारानं पूर्ण क्षेत्र झाकलं. मुळांना हवा मिळेना, पाणी मिळेना. केबलच्या चरात आधीच अर्धी मुळं तुटली होती. मग जूनच्या पहिल्या वादळात झाड रिक्षावर पडतं आणि आपण त्याला नैसर्गिक आपत्ती म्हणतो. राज्याच्या वृक्ष कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली, पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा आला. चांगलंच झालं. पण झाडाचं वय अंदाजानं का होईना ठरवू शकेल असा एक माणूस प्रत्येक नगरपरिषदेत आहे का? नसेल तर तो दर्जा कुणाला आणि कसा मिळणार?

आता सल्लागारांबद्दल. पर्यावरणात तज्ज्ञ लागतात, यात वाद नाही. तज्ज्ञ आले, मोजमाप करून गेले, पुढं काय? महापालिका अधिनियमानुसार आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी शहराच्या पर्यावरणाच्या स्थितीचा अहवाल सभागृहापुढं ठेवायचा असतो. अनेक पालिका तो बाहेरच्या संस्थेकडून लिहून घेतात. अहवाल देखणा असतो. नाल्यांवरचा कर्मचारी, पंपावरचा ऑपरेटर, उद्यानातला माळी यांना त्यात काय लिहिलं आहे ते कधी कळत नाही, आणि त्यांना जे माहीत आहे ते अहवालात येत नाही. कुठला नाला पहिल्या तासाच्या पावसात तुंबतो, कुठल्या हॉटेलचं तेलकट पाणी रात्री गटारात येतं, कुठल्या कारखान्याचा टँकर पहाटे ओढ्यापाशी थांबतो, हे त्यांना तोंडपाठ असतं. सल्लागाराला ते कळायला तीन पावसाळे लागतील आणि त्याचा करार एका वर्षाचा असतो.

जैवविविधता कायद्यानं प्रत्येक स्थानिक संस्थेत समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही सांगितली. वर्षानुवर्षं काम झालं नाही. मग हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि पुढच्या दर महिन्याला १० लाखांची भरपाई ठेवली. एकदम धावपळ उडाली. जी नोंदवही गावातल्या गुराख्याशी, वैदूशी, बी राखणाऱ्या बाईशी बसून भरायची, ती घाईनं भरून घेतलेली असेल तर ती उघडून कोण बघणार? ग्रामसेवकाला ती का भरायची हे ठाऊक असतं, त्याला दोन हंगाम मिळाले असते, तर गावाला आपल्या रानाचा हिशेब मिळाला असता. तो शिकायला तयार नव्हता असं म्हणण्याचा अधिकार त्याला शिकवायला गेलेल्यालाच आहे.

मला सर्वांत लंगडा वाटतो तो खमक्या अधिकाऱ्याचा युक्तिवाद, आणि लोकांना आवडतो तोच. एक माणूस येतो, सगळं सुधारतो, टाळ्या मिळतात. हे लोक सुरतेचं नाव घेतात. ते मीही घेतो, कारण ते उदाहरण माझ्या बाजूचं आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेग पसरला. लाखो लोक गाव सोडून पळाले. त्यांत आपल्या खानदेशातून तिथं पोटासाठी गेलेली कुटुंबंही होती. १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त झाले आणि दीड-दोन वर्षांत शहर ओळखू येईना. त्यांनी काय केलं? शहराचे सहा विभाग करून तिथल्या अधिकाऱ्यांना निर्णयाचे आणि खर्चाचे अधिकार दिले. वातानुकूलित खोलीतून निघून रोज शहरात फिरायचं, ही शिस्त वरपासून लावली. पालिका तीच होती, माणसं बहुतांशी तीच होती. ज्यांना प्लेगच्या आधी सगळे निरुपयोगी म्हणत होते, त्यांच्याच हातून शहर स्वच्छ झालं. राव गेले, तीन दशकं होत आली. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत इंदूरबरोबर देशात पहिली आली. एका माणसाची जादू असती, तर ती त्याच्या बदलीच्या हुकमाबरोबर संपली असती. टिकलं ते खाली रुजलेलं काम.

आपल्याकडे वेंगुर्ल्यानं हे दाखवलं. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात नगरपरिषदेनं कचऱ्याचं वीसहून अधिक प्रकारांत वर्गीकरण केलं. प्लास्टिक रस्त्याच्या कामाला गेलं, कचऱ्यापासून गॅस झाला, कचरा डेपोच्या जागी लोक बघायला येतील असं ठिकाण उभं राहिलं. कोकरे यांचं श्रेय मोठं आहे. पण वीस ढिगांत कचरा निवडणारे हात त्यांचे नव्हते. ते सफाई कामगारांचे होते, आणि हातांना काय कशात जातं ते शिकवावं लागलं होतं. पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक स्त्रियांनी २००८ पासून महापालिकेशी करार करून दारोदारचा कचरा गोळा केला. त्यांच्यातल्या कित्येक जणी शाळेत गेलेल्या नाहीत. प्लास्टिकचा प्रकार त्या हाताला लागल्या लागल्या ओळखतात. निरक्षर माणसाला पर्यावरण कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी त्यांच्यासमोर तासभर बसावं.

आणि हिशेब तर साधा आहे. बदल्यांच्या २००५ च्या कायद्यानं मुख्याधिकाऱ्याची एका जागेवरची मुदत साधारण तीन वर्षं. नगरपरिषदेचा मुकादम, पंप ऑपरेटर, लिपिक तिथंच पंचवीस-तीस वर्षं असतात. ज्ञान कुठं ठेवायचं? जो तीन वर्षांत जाणार त्याच्या डोक्यात, की जो तीस वर्षं राहणार त्याच्या?

एक आक्षेप मात्र मला टाळता येत नाही, तो राजकीय दबावाचा. शिकलेला निरीक्षक दंडाचं पावती पुस्तक काढतो आणि त्याला नगरसेवकाचा फोन येतो. हे घडतं, रोज घडतं. पण म्हणून त्याला न शिकवण्यानं तो फोन थांबतो का? नियम माहीत नसलेला कर्मचारी फोनवर ‘हो साहेब’ म्हणतो आणि निघून जातो. नियमाचा क्रमांक माहीत असलेला कर्मचारी फाइलवर शेरा मारतो: अमुक नियमाचा भंग, अमुक तारखेला पाहणी, पुढील आदेशासाठी सादर. असा शेरा असलेली फाइल दाबणं अवघड असतं, कारण ती दाबणाऱ्याला सही करावी लागते. उद्या न्यायालयात किंवा माहितीच्या अधिकारात तीच बाहेर येते. कर्मचाऱ्याला दबावापुढं उभं राहायला जी हत्यारं मिळू शकतात, त्यांतलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ हत्यार त्याचं ज्ञान आहे. ते काढून घेऊन त्याच्या भ्यालेपणाला नावं ठेवणं मला अन्यायाचं वाटतं.

खर्चाबद्दल बोलणाऱ्यांनी दुसरी बाजूही लिहावी. सप्टेंबर २०२२ मध्ये हरित लवादानं घनकचरा आणि सांडपाणी यांतल्या त्रुटींसाठी महाराष्ट्रावर सुमारे १२ हजार कोटी रुपयांची पर्यावरण भरपाई बसवली. २०१६ च्या जानेवारीत देवनारचा कचरा डेपो पेटला आणि मुंबईच्या पूर्व भागावर दिवसच्या दिवस धूर बसला. २०१८ मध्ये नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि तेव्हाच्या औरंगाबादेत रस्तोरस्ती ढीग साचले, मिटमिट्यात दगडफेक आणि जाळपोळ झाली. उच्च न्यायालयानं कचऱ्याच्या प्रश्नावरून आधी कल्याण-डोंबिवलीत आणि मग मुंबईत नवी बांधकामं रोखली. हा सगळा न शिकवण्याचा खर्च आहे. तो कुठल्याही अंदाजपत्रकात प्रशिक्षणाच्या शीर्षाखाली येत नाही, म्हणून तो आपल्याला दिसत नाही.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. प्रत्येक महापालिकेच्या, नगरपरिषदेच्या आणि जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकात कर्मचारी प्रशिक्षणाचं स्वतंत्र शीर्ष हवं, आणि त्यातला पैसा सभागृहाच्या भाड्यावर आणि जेवणावर जाता कामा नये. शिकवणं हजेरी शेडमध्ये, पंपघरात, बाजारात, मोजणी पुस्तक उघडून व्हावं. त्या दिवसाचा पगार कंत्राटी कामगारालाही मिळावा. शिकलेल्या माणसाची किमान तीन वर्षं दुसऱ्या विभागात बदली होऊ नये. लोकसंख्या दुप्पट झालेल्या शहरात जुनाच आकृतिबंध ठेवून एका निरीक्षकाकडे तीन प्रभागांचा अतिरिक्त कार्यभार असेल, तर आधी ती पदं भरावीत, कारण शिकलेल्या माणसालाही दिवसाचे तास चोवीसच मिळतात. पुण्यात यशदा ही राज्याची प्रशासकीय प्रशिक्षण संस्था आहे. मुंबईत १९२६ साली सुरू झालेली अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था शंभरीला आली आहे, तिथून शिकलेले स्वच्छता निरीक्षक राज्यभर आहेत. शिकवणाऱ्या संस्था नाहीत ही सबब चालणार नाही. त्यांनी आपले वर्ग गावात आणि वॉर्डात न्यावेत, आणि शिकवणाऱ्यांत निवृत्त मुकादम आणि पंप ऑपरेटर असावेत.

कोल्हापुरात जयंती नाल्याचं सांडपाणी पंपांनी उचलून कसबा बावड्याच्या प्रक्रिया केंद्राकडे नेतात. पंप थांबला की नाला बांध ओलांडून पंचगंगेत जातो, आणि खाली नदीकाठची गावं तेच पाणी उचलतात. त्या पंपावर रात्रपाळीला जो माणूस बसतो त्याला हे ठाऊक असावं, त्याच्याकडे दुसरा पंप चालू करण्याचा अधिकार असावा, आणि वीज गेली तर कुणाला उठवायचं तो फोन नंबर असावा. पुढच्या पावसाळ्यापूर्वी ही तिन्ही त्याला देता येतील. ती द्यायची नसतील तर नदीच्या नावानं पुन्हा परिषद भरवू नका.